‘कामे १२’ चं झालं ‘का१२ मे’ : विकीवरच्या तारखा, स्क्रिप्ट आणि आपण

नीरेकाठ
मंडळी, चार दिवस झाले, हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढते आहे. मराठी विकिपीडियावर लिहिणारे आणि नुसते वाचणारे, दोघांनीही मत द्यावं.

शुक्रवारी सकाळी चहा घेता घेता निरीक्षणसूची, म्हणजे मी लक्ष ठेवते त्या पानांची यादी, उघडली. मी लिहिलेली किंवा हात लावलेली बासष्ट पानं रात्रीतून बदललेली. सगळीकडे एकच सदस्य आणि एकच संपादन सारांश : ‘तारखा एकसारख्या केल्या, स्क्रिप्टच्या मदतीने’. स्क्रिप्ट म्हणजे असे बदल आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम. दोन संपादनांत सात-आठ सेकंदांचं अंतर. एवढ्या वेळात पान नीट उघडतसुद्धा नाही, वाचणं दूरच.

पहिली वीस-पंचवीस पानं पाहिली तेव्हा खरं सांगते, बरं वाटलं. ‘ऑगस्ट १५, इ.स. १९४७’ होतं तिथे ‘१५ ऑगस्ट १९४७’ झालं होतं. आपण तोंडाने म्हणतो तसंच. मग तालुक्यातल्या जलसंधारणाच्या पानावर आले. तिथे मी अहवालातून घेऊन लिहिलं होतं, ‘मंजूर कामे १२, पूर्ण ७’. आता तिथे होतं, ‘मंजूर का१२ मे, पूर्ण ७’.

दोनदा वाचलं तेव्हा उमगलं. स्क्रिप्टला ‘कामे १२’ मध्ये ‘मे १२’ दिसला आणि तिने तो उलटा केला.

पुढच्या पानावर ‘ऑगस्ट १९४२च्या आंदोलनात’ याचं ‘१९ ऑगस्ट४२च्या आंदोलनात’. त्याच्या पुढे एक चित्र गायब, कारण फाइलच्या नावात ‘फेब्रुवारी १९’ होतं, तेही उलटलं आणि तशा नावाची फाइलच नाही. आणखी एका पानावर अवतरणचिन्हांतला मजकूर बदललेला. तो माझा मजकूर नव्हता, शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाने पत्रात लिहिलेलं वाक्य होतं. त्याने ‘जून ३’ लिहिलं तर ते ‘जून ३’च राहायला हवं ना?

त्यांच्या चर्चापानावर लिहिलं. उत्तर आलं, ‘शेकडो पानं सुधारली, दोन-चार चुका होणारच. दिसतील तिथे दुरुस्त करा.’ हे मला लागलं. त्या एका पानासाठी मी तीन रविवार ग्रंथालयात बसले आहे. ज्याने चूक केली त्याचे आठ सेकंद गेले, आणि ती शोधायला माझी सबंध दुपार. मी बदल उलटवले, म्हणजे पानं पूर्वीसारखी केली, त्यांनी परत केले, मी पुन्हा उलटवले. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायला मनाई आहे. तो नियम मी इथेही पाळते, म्हणून थांबले.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तारखांची मांडणी स्क्रिप्टने बदलावी का? आधी विचारायचं कुठे? आणि चुकलं तर निस्तरायचं कुणी?

वाचनवेडी
नीरेकाठताई, मी फक्त वाचणारी आहे. वाचणाऱ्याच्या बाजूने एक सांगते. एकाच पानावर वर ‘मार्च ५’, मध्ये ‘५ मार्च’ आणि खाली ‘०५/०३’ असं असलं की माझ्यासारखीला शेवटची तारीख मे महिन्यातली की मार्चमधली, हेच कळत नाही. त्यामुळे एकसारखेपणा हवाच. पण ‘का१२ मे’ वाचलं असतं तर मी त्या पानावरचा एकही आकडा खरा धरला नसता.

रात्रपाळी
हे भांडण नवं नाही. इंग्रजी विकिपीडियावर याच गोष्टीवरून लवाद समितीपर्यंत, म्हणजे संपादकांमधले वाद सोडवणाऱ्या समितीपर्यंत, प्रकरण गेलं होतं. मी तेव्हा तिथे बराच वेळ असायचो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीच्या काळात तिथे तारखेला चौकोनी कंस टाकायची पद्धत होती. त्या कंसांनी दोन कामं व्हायची. तारखेचा दुवा तयार व्हायचा आणि ज्या सदस्याने आपल्या पसंतीत ‘दिवस आधी’ किंवा ‘महिना आधी’ निवडलं असेल त्याला तारीख त्या क्रमाने दिसायची. अमेरिकन आणि ब्रिटिश संपादकांनी तारखांवरून भांडू नये म्हणून काढलेली ही युक्ती. गोम अशी होती की ती सोय फक्त खातं उघडून पसंती नोंदवलेल्यांनाच. बाकी जगभरच्या वाचकांना जसं लिहिलं तसंच दिसायचं. म्हणजे लिहिणाऱ्यांना पान नीटनेटकं दिसत होतं आणि वाचणाऱ्यांना खिचडी. शिवाय प्रत्येक तारीख निळी, त्यामुळे उपयोगाचे दुवे त्या गर्दीत हरवायचे.

ऑगस्ट २००८ मध्ये तिथल्या शैलीपुस्तिकेत लिहिलं गेलं की अशा मांडणीसाठी तारखांना दुवे देऊ नयेत. आणि काही जणांनी लगेच स्क्रिप्ट घेऊन हजारो पानांवरचे कंस काढायला सुरुवात केली. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पुस्तिकेतला बदल मूठभरांनी केला, आम्हाला कुणी विचारलं? त्यांनी उलटवायला घेतलं. २००८च्या शेवटी कौल झाला, २००९च्या वसंतात पुन्हा कौल झाला. जानेवारी २००९ मध्ये लवाद समितीने प्रकरण हातात घेतलं, चालू असेपर्यंत सरसकट कंस घालणं आणि काढणं दोन्ही थांबवलं, आणि जूनमध्ये निकाल दिला. दोन्ही बाजूंच्या संपादकांवर बंधनं आली. त्यातले काही जण अतिशय चांगले लिहिणारे होते.

निकालातलं एक तत्त्व मला आजही पाठ आहे, माझ्या शब्दांत सांगतो. आपण करतो ते बदल वादाचे आहेत हे माहीत असताना ते ढिगाने करत राहायचे, म्हणजे समोरचा दमेल आणि ‘आता झालंच आहे’ म्हणून सोडून देईल, हे चालणार नाही. आधी बोला. मांडणी कोणती बरोबर, यावर समितीने मत दिलंच नाही. ते तिचं कामही नव्हतं.

पुढे पूर्ण तारखांवरचे कंस काढायला रीतसर परवानगी घेऊन सांगकाम्या (आपोआप संपादनं करणारा बॉट) चालवला गेला. काम जवळपास तेच. पण त्याचे नियम आधी लिहून काढलेले होते, त्यावर सगळ्यांनी प्रश्न विचारलेले होते, त्यामुळे कुणी कुणाच्या अंगावर गेलं नाही.

यंत्रमाग
ती स्क्रिप्ट माझी आहे. लपवण्यासारखं काही नाही, म्हणून इथे येऊन लिहितो.

नीरेकाठ, पहिल्यांदा माफी. चर्चापानावर मी जे उत्तर दिलं ते तुसडं होतं. रात्री दीडला झोपेत लिहिलं होतं, पण ते कारण होत नाही.

आता माझी बाजू. आपण नियमित लिहिणारे हातावर मोजता येतील एवढे. पानं हजारो. अनेक जुनी पानं इंग्रजीतून आणलेली, म्हणून ‘ऑगस्ट १५’. काहींवर इंग्रजी आकडे, काहींवर देवनागरी. संदर्भांच्या साच्यांत (माहिती भरायच्या तयार चौकटींत) तारीख चुकीच्या रूपात गेली की लाल अक्षरांत त्रुटी दिसते, आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहते. हे हाताने करायला कोण बसणार आहे? मी सहा महिने वाट पाहिली. कुणी आलं नाही. मला ही पानं आपली वाटतात, म्हणून मी रात्री जागून हे करतो.

चूक कुठे झाली ते शोधलं. मूळ स्क्रिप्ट इंग्रजीसाठीची, जावास्क्रिप्टमधली. तिथे शब्दाची हद्द ओळखणारी एक खूण असते. पण त्या खुणेच्या लेखी अक्षर म्हणजे ए ते झेड, इंग्रजी आकडे आणि अधोरेखा, एवढंच. देवनागरी तिच्या हिशेबात अक्षरच नाही. आकडे पकडणाऱ्या खुणेचंही तेच, तिला ‘१५’ दिसतच नाही. त्यामुळे मी स्क्रिप्ट मराठीत आणली तेव्हा ती काहीच पकडेना. मग मी आकड्यांच्या जागी देवनागरी शून्य ते नऊ लिहिले आणि हद्दीची खूण काढून टाकली. चालायला लागली, मला आनंद झाला.

त्या काढलेल्या खुणेतच दोन्ही चुका आहेत. हद्द नाही म्हणून ‘कामे’ मधला ‘मे’ सुटा झाला. हद्द नाही म्हणून ‘१९४२’ मधले पहिले दोन आकडे दिवस ठरले. मी तीस पानांवर तपासलं होतं. त्या तिसांत ‘कामे’ हा शब्द एकदाही आला नाही.

कळफलक
यंत्रमाग, आपल्याकडे ‘मे’ हा महिना फार धोक्याचा. ‘१५ मे’ शोधणारी स्क्रिप्ट ‘१५ मेगावॅट’ला पण धरेल, ‘२० मेट्रिक टन’ला पण आणि ‘३० मेंढ्यां’ना पण. म म्हणून एक चिन्ह, मात्रा म्हणून दुसरं, आणि पुढे काय आहे ते बघायचंच नाही असं सांगितलं की हे होणार. उपाय अवघड नाही. महिन्याच्या नावाआधी देवनागरीतलं कोणतंही अक्षर किंवा मात्रा असेल तर हात लावायचा नाही. आकड्यापुढे आणखी आकडा असेल तरी नाही. नावापुढे अक्षर आलं तर मात्र थांबून बघायचं, कारण ‘ऑगस्टला’, ‘ऑगस्टच्या’, ‘ऑगस्टपासून’ हे सगळं बरोबर असतं. इंग्रजीत विभक्ती सुटी असते, आपल्याकडे नावाला चिकटून येते. त्यामुळे चालणाऱ्या प्रत्ययांची यादीच द्यावी लागेल.

पायथनमध्ये लिहिलं तर आकड्यांची खूण देवनागरी आकडेही धरते, तेवढं एक काम कमी होईल.

शासकीयवाचक
राजपत्राची शीर्षकंही बघा. ‘मार्च ७-१३, २०१९/फाल्गुन १६-२२, शके १९४०’ अशा धाटणीने छापतात. तुमच्या स्क्रिप्टने माझ्या एका पानावर त्याचं ‘७ मार्च-१३, २०१९’ केलं. राजपत्राचं नाव जसं छापलंय तसंच राहिलं पाहिजे, नाहीतर शोधणाऱ्याला अंक सापडणार नाही.

मोडीवाचक
वरच्या चुका डोळ्यांना दिसतात तरी. मला भीती न दिसणाऱ्या चुकांची आहे, आणि त्या शिवकाळाच्या पानांवर झाल्या आहेत.

शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या जुन्या तारीखवार नोंदींत) हीच तिथी आहे आणि वार शुक्रवार आहे. आपण याला १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो आणि महाराष्ट्र शासनानेही तीच तारीख धरली आहे. पण ही तारीख ज्युलियन पंचांगाची. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन पंचांगाने तो दिवस १ मार्च १६३०. दहा दिवसांचा फरक. आता जर कुणी ही तारीख ‘१६३०-०२-१९’ अशी करून साच्यात घातली, तर त्या मांडणीचं आंतरराष्ट्रीय मानक तिला ग्रेगोरियनच समजतं. साच्याने वार काढला तर मंगळवार येतो. शकावलीत शुक्रवार, पानावर मंगळवार. उद्या एखादा अभ्यासू मुलगा येऊन म्हणेल, शकावलीच चुकीची.

एका पानावर मी तारखेपुढे कंसात ‘जुनी पद्धत’ असं मुद्दाम लिहिलं होतं. एकसारखेपणासाठी ते काढलं गेलं. सारांशात त्याचा उल्लेखही नव्हता. ते दोन शब्द सजावटीचे नव्हते. ती तारीख कोणत्या पंचांगाची, हे सांगायला दुसरं काहीच तिथे नव्हतं.

यंत्रमाग, मी तुमच्यावर रागावलेलो नाही. एकेका तिथीचा मेळ बसवायला मला एकेक आठवडा लागलेला आहे. स्क्रिप्टला ती नुसती अक्षरांची ओळ दिसते. माझ्यासाठी तो पुरावा आहे.

मांडवीकाठ
मोडीवाचकांना जोडून गोव्याची बाजू. पोर्तुगालने नवं पंचांग १५८२ सालीच घेतलं, ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर. इंग्लंडने घेतलं ते १७५२ मध्ये, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर. म्हणजे संभाजी महाराजांच्या काळात एकाच दिवशी गोव्याहून लिहिलेलं पोर्तुगीज पत्र आणि सुरतेहून लिहिलेलं इंग्रज कंपनीचं पत्र यांच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर असतं. त्यात इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. जानेवारी-फेब्रुवारीतल्या पत्रावर आधीच्याच वर्षाचा आकडा असतो, म्हणून अभ्यासक ‘१० फेब्रुवारी १६७३/७४’ असं जोडवर्ष लिहितात.

स्क्रिप्टने दोन पानांवर तिरक्या रेघेच्या पुढचं ‘७४’ उडवलं. राहिलं १६७३. सबंध एक वर्ष मागे. इतिहासकार पिसुर्लेकरांनी छापलेल्या पोर्तुगीज कागदांशी ताडून बघणाऱ्याला आता इंग्रजांचं पत्र घटनेच्या एक वर्ष आधीचं वाटेल. मी ती दोन्ही पानं काल दुरुस्त केली. आणखी कुठे आहेत, ठाऊक नाही, आणि रात्री झोपताना मनात तेच येतं.

डॅलसवासी
इकडचा अनुभव. अमेरिकेत महिना आधी. आपल्याकडे २६/११ म्हटलं की नोव्हेंबर २००८ ची मुंबई, इकडे ९/११ म्हटलं की सप्टेंबर २००१. इंग्रजी विकिपीडियावर नियम असा, की एखाद्या विषयाचं एका देशाशी घट्ट नातं असेल तर त्या देशाची पद्धत. नातं नसेल तर आधीच्या लिहिणाऱ्याने वापरली ती, उगाच बदलायची नाही. मी नवीन असताना एका अमेरिकास्थित मराठी शास्त्रज्ञावरच्या लेखात सगळ्या तारखा ‘दिवस आधी’ करून टाकल्या. मन भरून आलं होतं, आपला माणूस, आपली पद्धत. अर्ध्या तासात उलटवलं गेलं, आणि ज्याने उलटवलं त्याने चार ओळींत शांतपणे कारण लिहिलं. मी त्या चार ओळींमुळे तिथे टिकलो.

मराठीत हा वाद नाहीच, सगळे ‘१५ ऑगस्ट’च म्हणतात. म्हणून तर आपलं काम सोपं व्हायला हवं होतं.

नीरेकाठ
यंत्रमाग, माफी पोचली. तुम्ही येऊन नावानिशी लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्याही हातून एक चूक झाली. मी रागाने बासष्टच्या बासष्ट पानं उलटवली, त्यात तुम्ही केलेले चाळीसएक बरोबर बदलही गेले. पानं न वाचता मीही तेच केलं.

रात्रपाळी, तुमचं लवाद समितीचं वाचून जरा भीतीच वाटली. तिथे चांगले लोक दुरावले. आपल्याकडे दुरावायला माणसं तरी कुठे आहेत?

यंत्रमाग
मग असं करतो. स्क्रिप्ट आजपासून बंद. नवीन नियम चावडीवर, म्हणजे विकीच्या सामाईक चर्चेच्या पानावर, मांडतो, कळफलक यांनी सांगितलेल्या हद्दीसकट. अवतरणं, फाइलची नावं, दुवे, ग्रंथ आणि राजपत्रांची शीर्षकं यांना हात लागणार नाही. १७५३ च्या आधीचं साल, ‘शके’ हा शब्द, तिथी किंवा जोडवर्ष दिसलं की पान पूर्ण सोडायचं आणि नुसतं यादीत टाकायचं, म्हणजे मोडीवाचक आणि मांडवीकाठ बघतील.

वर्षाआधीचं ‘इ.स.’ काढायचं की नाही, हेही चावडीवर ठरवू. माझ्या स्क्रिप्टने ते दुव्यांच्या आतलंही काढलं, आणि वर्षांची पानं तर ‘इ.स. १९४७’ अशाच नावाची आहेत. ते दुवे आता लाल दिसतात. ते मी स्वतः परत जोडतो.

पहिल्या खेपेला पन्नासच पानं. बदलाआधीची आणि नंतरची ओळ शेजारी शेजारी लावून यादी देतो. दोघांनी पाहिल्याशिवाय जतन करणार नाही.

कळफलक
मी पाहतो. माझ्याकडे ‘मे’ने संपणाऱ्या आणि सुरू होणाऱ्या शब्दांची यादी आहे, शुद्धलेखन तपासनीसासाठी केली होती. ‘नामे’, ‘कामे’, ‘जखमे’, ‘मेळा’, ‘मेजर’, सगळे. उद्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) टाकतो, त्यावर स्क्रिप्ट चालवून बघा. एकही शब्द हलता कामा नये.

रात्रपाळी
यंत्रमाग, एक विनंती. संपादन सारांशात चावडीवरच्या चर्चेचा दुवा टाका आणि चूक कळवायची जागा लिहा. मध्यरात्री एखाद्याच्या निरीक्षणसूचीत पन्नास पानं एकदम वर आली, तर कुठे जाऊन बोलायचं ते त्याला तिथल्या तिथे कळायला हवं. तुमच्या बोलण्यापेक्षा तो सारांश जास्त लोक वाचणार आहेत.

मोडीवाचक
१७५३ च्या आधीच्या पानांची यादी माझ्याकडे द्या. शिवकाळ आणि शंभूकाळ मी घेतो, रोज पाच पानं जमतील. ‘जुनी पद्धत’ हे मात्र मी प्रत्येक ठिकाणी परत लिहिणार, आणि शेजारी तिथीही देणार. कुणाला ते गर्दी करणारं वाटत असेल तर आत्ताच बोला.

वाचनवेडी
मला नाही वाटणार. उलट तिथी पाहिली की विश्वास बसतो.

नीरेकाठ
बासष्टपैकी सव्वीस पानं आज बघून झाली. बावीसांवर यंत्रमागांचा बदल परत ठेवला. दोन ठिकाणी चित्राचं नाव सुधारलं. एका ठिकाणी पत्रातलं ‘जून ३’ परत आणलं. जलसंधारणाच्या पानावर पुन्हा ‘मंजूर कामे १२’ आहे. मूळ अहवाल काढून ताडून पाहिला, आकडा बाराच आहे. उरलेली छत्तीस उद्या दुपारी घेते. कुणी ‘ऑगस्ट’ असलेली पानं घेत असेल तर इथे सांगा, म्हणजे दोघांनी एकच पान उघडायला नको.